एकच नाव, अठरा हॅप्लोटाइप: वरोआ कोळ्याचे प्रकरण

प्रश्न उभा राहिला तो जावा बेटावर. वरोआ हा मधमाश्यांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी कोळी (माइट). त्याने जगभरात युरोपियन मधमाशीच्या (एपिस मेलिफेरा) वसाहतींचा फडशा पाडायला सुरुवात केली होती. पण जावात आणि पापुआ न्यू गिनीत वेगळेच दिसत होते. सातेरीच्या (एपिस सेराना) पोळ्यांतला कोळी शेजारच्या मेलिफेराच्या पेट्यांत जात होता, अळीच्या घरातही शिरत होता, पण तिथे अंडी घालत नव्हता. घराला झाकण बसायचे, माशी वाढायची, बाहेर पडायची आणि तिच्यासोबत कोळ्याची मादी एकटीच बाहेर यायची. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील डेनिस अँडरसन यांनी 1994 मध्ये ही निरीक्षणे मांडली, तेव्हा दोन्हीकडच्या कोळ्याचे नाव एकच होते: वरोआ जेकबसोनी.

हे नाव 1904 मधले. प्राणिशास्त्रज्ञ औडेमान्स यांनी एडवर्ड जेकबसन यांनी जावात गोळा केलेल्या नमुन्यांवरून ही जाती वर्णिली. ‘वरोआ’ हे नाव रोमन पंडित मार्कस टेरेन्टियस वॅरो यांच्यावरून पडले. मधमाश्यांवर त्यांनीही लिहिले होते. पुढची शंभरेक वर्षे आशियात सातेरीवर, आणि नंतर जगभर मेलिफेरावर, लालसर तपकिरी, खेकड्यासारखा आडवा पसरलेला कोळी सापडला की त्याला हेच नाव मिळत गेले. सातेरी दक्षिण आशियापासून जपानपर्यंत पसरलेली आणि मध्ये समुद्र, बेटे, पर्वतरांगा. एवढ्या पसाऱ्यात परजीवी सगळीकडे एकसारखाच राहिला असेल, हे गृहीत धरण्यामागे तपासणी नव्हती, सवय होती.

अंडी न घालण्यामागे तीन कारणे संभवत होती: हवामान, मेलिफेराचा वाण किंवा कोळीच वेगळा असणे. पहिल्या दोन कारणांचे वजन जास्त वाटत होते, कारण ब्राझीलचे उदाहरण समोर होते. तिथे 1970 च्या दशकात कोळी पोहोचला, पण युरोपइतके नुकसान झाले नाही. त्याचे श्रेय आफ्रिकीकृत मधमाशीच्या चिवटपणाला आणि उष्ण हवेला दिले गेले. यात तथ्य होते, पण पूर्ण नाही. दक्षिण अमेरिकेत आधी पोहोचलेला कोळी जपानहून आणलेल्या माश्यांबरोबर आलेला होता. पुढे ब्राझीलमध्ये दुसऱ्या प्रकारच्या कोळ्याने त्याची जागा घेतली आणि त्याच हवेत, त्याच माश्यांवर कोळ्याची प्रजननक्षमता वाढल्याचे दिसले. हवा आणि माशी तीच, कोळी बदललेला. ही तुलना कुणी मुद्दाम आखली नव्हती, पण तिसऱ्या कारणाकडे बोट दाखवायला ती पुरेशी होती.

अँडरसन आणि जॉन ट्रूमन यांनी 2000 मध्ये याची तड लावली. आशियाभर सातेरीवरून आणि जगभर मेलिफेरावरून गोळा केलेल्या कोळ्यांच्या तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) डीएनएमधला सीओ-1 जनुकाचा 458 अक्षरांचा तुकडा त्यांनी वाचला. त्यात 18 वेगवेगळे हॅप्लोटाइप, म्हणजे आईकडून जशाच्या तशा उतरत आलेल्या अक्षररचना, निघाल्या. नऊ हॅप्लोटाइप मलेशिया-इंडोनेशिया पट्ट्यातल्या सातेरीवरचे होते आणि जावाचा, म्हणजे मूळ वर्णनाच्या जागेचा, नमुना त्यांतच बसला. म्हणून जेकबसोनी हे नाव त्या गटाकडे राहिले. सहा हॅप्लोटाइप आशियाच्या मुख्य भूमीवरचे. त्यांच्या गटाला नवे नाव मिळाले, वरोआ डिस्ट्रक्टर. फिलिपिन्समधल्या उरलेल्या तीनांचे वर्गीकरण तेव्हा मोकळे सोडले गेले.

खरा धक्का पुढे होता. 18 पैकी फक्त दोन हॅप्लोटाइप मेलिफेराचे जागतिक शत्रू ठरले होते आणि दोन्ही डिस्ट्रक्टरमधलेच. कोरिया प्रकार युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका, आशिया आणि अमेरिका खंडांत. जपान-थायलंड प्रकार जपान, थायलंड आणि अमेरिका खंडांत. ‘कोरिया’ हे नाव वाचून कोळी कोरियातूनच जगभर गेला असे समजू नये. दक्षिण कोरियातल्या सातेरीवर तोच हॅप्लोटाइप सापडला, एवढाच त्या नावाचा अर्थ. मेलिफेरावर उडी त्याने नेमकी कुठे घेतली हा निराळा प्रश्न आहे आणि नावाच्या भरवशावर त्याचे उत्तर देणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे. या वाटणीचा आणखी एक परिणाम: 2000 पूर्वी ‘जेकबसोनी’ नावाने मेलिफेरावर जे संशोधन छापले गेले, त्यातले बहुतेक डिस्ट्रक्टरबद्दल आहे. जुना लेख वाचताना आधी यजमान माशी कोणती आणि नमुना कुठला, हे पाहावे. शीर्षकातले नाव नंतर.

दोन जातींत डोळ्यांना दिसणारा फरकही आहे, पण बारीक. डिस्ट्रक्टरची मादी सरासरी 1167 मायक्रोमीटर लांब आणि 1709 रुंद. जेकबसोनीची 1063 लांब आणि 1507 रुंद. दोन्ही लांबीपेक्षा रुंद, पण जेकबसोनी त्यातल्या त्यात गोलसर. मोजताना पूर्ण रंग चढलेली प्रौढ मादीच घ्यावी. नुकती कात टाकलेली फिकट मादी मऊ असते; काचपट्टीवर दाबली की पसरते आणि रुंदी उगाच वाढते. एका कोळ्याच्या मापावरून जात ठरवू नये, नमुन्यातल्या अनेक माद्यांची सरासरी घ्यावी.

आता कोळ्याच्या घरात डोकावू, कारण या प्रकरणातली जनुकीय गंमत तिथेच आहे. मादी कामकरी अळीच्या घरात झाकण बसण्याच्या 15 ते 20 तास आधी शिरते. नर माशीच्या घरात 40 ते 50 तास आधी. झाकणानंतर साधारण 60 ते 70 तासांनी ती पहिले अंडे घालते. ते अफलित असते आणि त्यातून एकपदरी, सात गुणसूत्रांचा नर होतो. त्यानंतर दर सुमारे 30 तासांनी एकेक फलित अंडे. त्यांतून 14 गुणसूत्रांच्या मुली. नर त्या घराबाहेर कधीच पडत नाही. मुली एकामागून एक प्रौढ होतात आणि त्यांचा जोडीदार त्यांचा सख्खा भाऊच असतो. माशी झाकण फोडून बाहेर आली की आई आणि फलित झालेल्या मुली तिच्यासोबत निघतात. नर आणि अर्धवट वाढलेल्या मुली घरातच मरतात.

भावंडांच्या सलग मीलनात विषमयुग्मता, म्हणजे आईकडून आणि बापाकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असण्याचे प्रमाण, दर पिढीला उतरत जाते. काही पिढ्यांनंतर हा दर स्थिरावतो आणि प्रत्येक पिढीत आधीच्या विषमयुग्मतेचा सुमारे 0.809 भागच शिल्लक राहतो. नर एकपदरी असलेल्या जीवांतही हाच आकडा येतो. चार पिढ्यांत 43 टक्के उरतात, आठ पिढ्यांत 18, दहा पिढ्यांत 12. पिलांचे संगोपन चालू असलेल्या एका हंगामात कोळ्याच्या कितीतरी पिढ्या उलटतात. म्हणजे एका मादीपासून सुरू झालेला वंश वर्षभरात जवळपास एकसाची होऊ शकतो. सोलिन्याक आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 45 मायक्रोसॅटेलाइट स्थानांवर (केंद्रकाच्या डीएनएत आखूड अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते अशा जागांवर) तपासले तेव्हा हेच दिसले: कोरिया प्रकाराच्या आत जवळजवळ फरक नाही, जपान प्रकाराच्या आतही नाही. जग जिंकणारा परजीवी म्हणजे व्यवहारात दोन क्लोन. आक्रमक जीवाला विविधतेचे मोठे भांडवल लागते, हे पाठ्यपुस्तकी गृहीतक इथे उताणे पडते.

या चित्राला एक महत्त्वाची फट आहे. एका घरात दोन माद्या शिरल्या तर एकीचा मुलगा दुसरीच्या मुलीशी जुळू शकतो. शरद ऋतूत पिले कमी होतात, कोळी मात्र शिगेला पोहोचलेले असतात. मग एका घरात दोन-तीन माद्या सर्रास सापडतात. त्यामुळे वसंतात अंतःप्रजनन आणि हंगामाच्या अखेरीस मिसळण, असे ऋतुचक्र वसाहतीच्या आतच फिरते. एप्रिलमध्ये युरोपातून आणि ऑक्टोबरमध्ये दुसरीकडून घेतलेल्या नमुन्यांची तुलना केली तर निघालेला फरक भूगोलाचा की ऋतूचा, हे सांगता येणार नाही. तुलनेचे सर्व नमुने हंगामाच्या एकाच टप्प्यावर घ्यावेत.

असा अभ्यास नव्याने करायचा तर काम पेटीपासून सुरू होते. माशीच्या अंगावरचा कोळी पाहुणा असू शकतो: सातेरीच्या पोळ्यात मध लुटायला गेलेली मेलिफेरा तो अंगावर घेऊन येते. तो मेलिफेरावर प्रजनन करतो याचा पुरावा एकच, बंद घरात आईसोबत तिची पिले. म्हणून चिमट्याने झाकण उचलायचे, कोष बाहेर काढायचा आणि घराच्या भिंतीवर कोळ्याच्या विष्ठेचा पांढरा ठिपका शोधायचा. आई गडद तपकिरी, मुली फिकट ते पिवळसर, नर लहान आणि पांढुरका. कोषाचे वय डोळ्यांच्या रंगावरून टिपावे: पांढरे, गुलाबी, जांभळे. पांढऱ्या डोळ्यांच्या कोषाजवळ पिले कमी दिसली म्हणून ‘प्रजनन होत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे परीक्षा संपण्याआधीच निकाल लावणे.

एका घरातून एकच कोळी विश्लेषणात घ्यावा. आई आणि तिच्या तीन मुली चार स्वतंत्र नमुने म्हणून मोजल्या तर आकडेवारी चौपट भरीव दिसते, माहिती मात्र एकाचीच असते. हॅप्लोटाइपच्या नकाशासाठी वसाहतीमागे एक-दोन कोळी पुरतात. मायक्रोसॅटेलाइटसाठी वेगवेगळ्या घरांतले दहा तरी हवेत. नमुना 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. माश्यांसकट टाकला तर त्यांच्या अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होते, म्हणून एक दिवसाने ते बदलावे. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए तुटतो. पेटीच्या तळाशी चिकट फळीवर पडलेले कोळी मोजणीला ठीक, पण ते किती दिवसांचे वाळलेले आहेत याचा पत्ता नसतो आणि डीएनए बऱ्याचदा तुकड्यांत मिळतो.

प्रयोगशाळेत सर्वांत मोठा सापळा कोळ्याच्या पोटात असतो. तो माशीच्या मेदपेशी खातो, त्यामुळे अख्खा कोळी दळला की नळीत माशीचाही भरपूर डीएनए येतो. सर्व प्राण्यांना चालणारे सीओ-1 चे सार्वत्रिक प्रायमर (हवा तो जनुक पकडणारे डीएनएचे आखूड तुकडे) वापरले तर निकालात सुबक, स्वच्छ अक्षररचना येते, पण ती मधमाशीची! म्हणून वरोआसाठीचेच प्रायमर वापरावेत आणि आलेली रचना संदर्भ-संग्रहाशी ताडून पाहावी. त्याहून बरे, फक्त पाय काढून घ्यावेत: पोटातला ऐवज टळतो आणि धड मोजमापासाठी शिल्लक राहते. पाय 100 मायक्रोलिटर 5 टक्के चेलेक्स (राळेचे बारीक मणी) द्रावणात, सोबत थोडे प्रोटिनेज-के (प्रथिने पचवणारे एन्झाइम), 55 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास किंवा रात्रभर. मग एन्झाइम निकामी करायला 95 अंशांवर 10 ते 15 मिनिटे. वरचा निवळ द्रव 2 मायक्रोलिटर घेऊन 25 मायक्रोलिटरची पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी अभिक्रिया) लावावी. पिपेटमध्ये चेलेक्सचे मणी आले तर पीसीआर फसते, कारण हे मणी मॅग्नेशियम बांधून ठेवतात आणि पॉलिमरेजला तेच लागते. जेलवर डीएनएची पट्टी आली नाही की लोक डीएनए वाढवतात, त्यासोबत मणीही वाढतात आणि पट्टी आणखी रुसते. नळी पुन्हा फिरवून वरचाच द्रव घेतला की प्रश्न बहुधा सुटतो.

तंतुकणिकेचा डीएनए फक्त आईची बाजू सांगतो, ही मर्यादा विसरू नये. कोरिया प्रकारची आई आणि जपान प्रकारचा बाप असलेली मुलगी सीओ-1 मध्ये शुद्ध ‘कोरिया’ दिसेल. म्हणून हॅप्लोटाइपच्या जोडीला केंद्रकातल्या जनुकांच्या खुणा हव्यातच. 458 अक्षरांचा तुकडाही आखूडच आहे. अधिक जनुके वाचल्यावर आशियात ‘कोरिया’ आणि ‘जपान’ या नावांखाली उपप्रकार निघाले. 2010 मध्ये नवाहास आणि सहकाऱ्यांनी ते मेलिफेरावरही दाखवून दिले.

आकडेमोडीत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, विषमयुग्मतेची तूट. ती अंतःप्रजननाने येते, तशीच प्रायमर नीट न बसल्याने जनुकाचे एखादे रूप म्हणजेच अ‍ॅलील वाचलेच गेले नाही तरीही येते. ओळखण्याची साधी खूण: तूट सगळ्या स्थानांवर साधारण सारखी असेल तर अंतःप्रजनन, एकदोन स्थानांवरच खड्डा असेल तर प्रायमर बदलून पाहा. लोकसंख्येत मुक्त मीलन होते असे धरून चालणाऱ्या गट पाडणाऱ्या प्रणाली इथे नको तितके गट दाखवतात, म्हणून ते गृहीतक नसलेल्या मुख्य-घटक विश्लेषणासारख्या पद्धती सोबत चालवाव्यात.

दुसरे, एफएसटी, म्हणजे दोन गट जनुकीयदृष्ट्या किती विभक्त आहेत ते 0 ते 1 मध्ये सांगणारा निर्देशांक. समजा एका बेटावर एक फलित मादी पोहोचली, दुसऱ्यावर तिचीच बहीण. काही पिढ्यांत एका बेटावर एका स्थानी ‘अ’ अ‍ॅलील स्थिर झाले, दुसऱ्यावर ‘ब’. त्या स्थानावर एफएसटी येईल 1, म्हणजे कमाल. कागदावर दोन बेटे पूर्ण विभक्त, वास्तवात दोघांची आजी एक. आतली विविधता शून्याजवळ असली की हा निर्देशांक वेगळेपणाचे वय सांगत नाही, फक्त तुकडे किती लहान झाले ते सांगतो. म्हणून अशा परजीवीत प्रत्यक्ष अक्षरांतला फरकही शेजारी मांडावा. आणि ‘भौगोलिक अंतर’ म्हणजे नकाशावरचे किलोमीटर नव्हेत. सातेरीवरच्या कोळ्यापुढे समुद्र खरा अडथळा असतो. मेलिफेरावरचा कोळी मात्र पेट्यांच्या ट्रकने फिरतो. नोंदवहीत पेटी आज कुठे आहे एवढेच लिहून भागत नाही: हिवाळा कुठे काढला आणि माश्या किंवा राणी कुठून आणली, हेही हवे.

दोन क्लोन म्हणजे परजीवी बदलू शकत नाही, असे मात्र नाही. टाऊ-फ्लुव्हॅलिनेट आणि फ्लुमेथ्रिन ही पायरेथ्रॉइड औषधे मज्जातंतूतल्या सोडियम वाहिनीवर काम करतात. त्या वाहिनीच्या 925 व्या जागी ल्युसिन हे अमिनो आम्ल असते. ब्रिटनमधल्या प्रतिकारक कोळ्यांत तिथे व्हॅलिन आढळले (2013), तर अमेरिकेच्या आग्नेय भागात आयसोल्युसिन किंवा मेथिओनिन (2016). एकाच औषधाने, एकाच जागी, पण समुद्राच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या अक्षरांनी घडवलेला बदल. प्रतिकार अटलांटिक ओलांडून गेला नाही, दोन्हीकडे स्वतंत्रपणे उपजला. तो इतक्या झटपट पसरला यामागे पुन्हा तेच भावंडांचे मीलन आहे. एरवी नवे उत्परिवर्तन विषमयुग्मी अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिले असते. इथे ते दोन-तीन पिढ्यांत समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) होते आणि औषधाच्या पट्टीसमोर उघडे पडते. प्रतिकारक वसाहतींत विषमयुग्मी कोळी अपेक्षेपेक्षा कमी सापडतात ते यामुळेच. प्रतिकार तपासणाऱ्या चाचणीचा निकाल त्याच प्रदेशाच्या उत्परिवर्तनाशी ताडावा. फक्त व्हॅलिन ओळखणारा प्रोब अमेरिकी नमुन्यात आयसोल्युसिन शोधणार नाही आणि ‘संवेदनशील’ असा खोटा दाखला देईल.

जावापासून सुरू झालेल्या कथेला 2008 मध्ये वळण लागले. पापुआ न्यू गिनीत वरोआ जेकबसोनी मेलिफेराच्या घरांत अंडी घालून वाढताना आढळला. ज्या जातीला मेलिफेरा झेपत नाही असे धरले जात होते, तिच्यातल्याच काही कोळ्यांनी ती मर्यादा ओलांडली होती. म्हणजे नमुना ‘जेकबसोनी’ निघाला म्हणून निर्धास्त राहायची सोय उरली नाही.

ऑस्ट्रेलियाला याचा अनुभव 2016 मध्ये आला, टाऊन्सव्हिल बंदराच्या परिसरात सातेरीच्या पोळ्यात वरोआ सापडला तेव्हा. सीओ-1 ने नाव दिले जेकबसोनी. डिस्ट्रक्टर नाही, एवढे त्यातून कळले. पण जवळच्या मेलिफेराच्या पेट्यांना धोका आहे की नाही, हे कळले नाही, कारण मेलिफेरावर वाढणारे आणि न वाढणारे, दोन्ही कोळी त्याच नावाखाली येतात. त्याचे उत्तर मेलिफेराची बंद घरे उघडूनच मिळते. पुढे जून 2022 मध्ये न्यूकॅसल बंदरावरच्या पहाऱ्याच्या पेट्यांत सापडलेला कोळी डिस्ट्रक्टर होता. त्याच्या निर्मूलनाची मोहीम सप्टेंबर 2023 मध्ये थांबवून नियंत्रणाचा मार्ग धरावा लागला.